शेजारच्या पेगवरच्या काकांना, बाबांकडून आणि माझ्याकडून

प्रिय काका,

तुमचं नाव माहीत नाही, पण आमच्याकडे वडिलांच्या वयाच्या माणसाला काकाच म्हणतात. जानेवारीत इंग्लंडमधल्या रीडिंगजवळच्या त्या खडीच्या जुन्या खाणीतल्या तळ्यावर काठाला बर्फाची पापडी धरली होती आणि तुम्ही आमच्या शेजारच्या पेगवर, म्हणजे मासे धरायला बसायच्या ठरलेल्या जागेवर होतात. मराठीत लिहितोय कारण बाबांना हे स्वतः वाचायचंय.

बाबा मालवणचे, खाडीत गरी टाकतच मोठे झाले. इथे आल्यापासून एकच, पाईक मासा बघायचाय, आपल्याकडे नसतो तो. त्याआधी दुसऱ्या एका तळ्यावर गेलो होतो तर तिथल्या माणसाने फक्त आमचीच रॉड लायसन्स, म्हणजे मासेमारीचे परवाने तपासले, आणि बाबांकडे बघितलंसुद्धा नाही, मला मोठमोठ्याने सांगितलं की मासा परत सोडायचा असतो, घरी न्यायचा नसतो, हे यांना नीट समजाव. बाबांना इंग्रजी कळतं हो! गाडीत घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत ते. मला अजून राग आहे त्याचा.

आणि मग तुम्ही. बाबांचा फ्लोट, म्हणजे दोरीवरचा तरंगता बोंडा, तिरका सरकत गेला तेव्हा चार वाजत आले होते. पाईकवाल्या कुणालाही विचारा जानेवारीतला अंधाराआधीचा तो शेवटचा अर्धा तास म्हणजे काय, दिवसभर गारठून बसायचं ते त्याच्यासाठी. तुम्ही तुमच्या दोन्ही रॉड पाण्याबाहेर काढून ठेवल्यात. इथे रॉड तशीच टाकून उठता येत नाही, म्हणजे आमच्याकडे यायचं तर स्वतःची मासेमारी बंद करूनच, आणि तुम्ही ती केलीत, मोठी जाळी आणि मासा ठेवायची मॅट घेऊन आलात. कुणी हाक पण मारली नव्हती. ते दोन रील गुंडाळणं मी विसरणार नाही काका.

कल्ल्याच्या झाकणाखाली बोटं घालून जबडा कसा उघडायचा, लांब चिमट्याने गळ कसा काढायचा, सगळं बाबांना दाखवलंत, मला नाही. त्यांनी टाळूवरचे मागे वळलेले दात बघितले, मग विचारलं की मॅकरेल म्हणजे आमच्या बांगड्याचाच भाऊबंद, एवढा चांगला मासा आमिषाला कशाला, आणि अंधार पडत असताना तुम्ही शांतपणे सांगत बसलात की थंड पाण्यात पाईक फार धावत नाही, तळाशी पडलेला तेलकट मासा वासावर शोधतो. मासा पाण्यात सोडला तोही बाबांच्याच हातून.

तुमच्यासारखी माणसं भेटतात म्हणून परक्या गावात म्हाताऱ्या बापाला चारचौघांत घेऊन जायची हिंमत होते. त्या दुसऱ्या तळ्यावर मी पाऊल ठेवणार नाही.

बाबांनी मालवणहून तुमच्यासाठी कोकम पाठवलंय. थंडी पडली की तळ्यावर घेऊन येतो, कसं वापरायचं ते तिथेच सांगेन.

तुमचा,
बांगडावाल्यांचा मुलगा