गोम्यातल्या कोळसेवाल्या ताईंना

ताई,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. गोम्यावर अजून बंदूकवाल्यांचीच सत्ता आहे, आणि कुणाचं नाव कुठून कुठे पोचेल याचा तिथे नेम नसतो. हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही, हेही ठाऊक आहे. पण त्या जानेवारीत आमचा मुलगा कुणाच्या हातचं पाणी पिऊन तगला, ते माझ्या माणसांना कळायलाच हवं. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गोमा म्हणजे काँगोच्या पूर्व टोकाचं, किवू सरोवराच्या काठावरचं शहर. पलीकडे लगेच रवांडाचं गिसेनी, मधे फक्त सरहद्दीचं फाटक. माझे यजमान तिथे औषधांच्या एका घाऊक दुकानात हिशेब पाहायचे. २०२५ च्या जानेवारीत एम-२३ चे बंडखोर, मागे रवांडाचं सैन्य घेऊन, मसीसीच्या डोंगरांतून उतरत आले. आधी गोम्याजवळचं साके गाव पडलं, आणि २७ तारखेला ते गोम्यात शिरले. वीज गेली, नळ गेले, इंटरनेट गेलं. मेलेल्यांचा आकडा संयुक्त राष्ट्रांनी मागाहून २,९०० सांगितला.

‘वेळ आली तर सगळ्यांना पलीकडे नेऊ’ असं आम्हाला छातीठोकपणे सांगणारे साहेब वेळ यायच्या आधीच पलीकडे गेले आणि मग फोन उचलेनात. ज्या गाडीवाल्याने वर्षभर आमच्याकडून भाडं घेतलं, त्याने फाटकापर्यंतच्या रस्त्यासाठी इतके डॉलर मागितले की आम्ही गप्प बसलो. काँगो सरकारने पगारावर आणलेले २८०च्या वर, बहुतेक रुमानियन, भाडोत्री सैनिक मात्र शस्त्रं टाकून बसमधून पलीकडे रवांडात गेले आणि तिथून सुखरूप घरी पोचले. हे मी विसरणार नाही.

आणि तुम्ही? २०२२ मध्ये रुत्शुरूकडचं घर सोडून मुलांना घेऊन पळालात. कान्यारुचिन्याच्या छावणीत राहिलात, तिथे पटकीची साथ पाहिलीत. नंतर आमच्या कंपाउंडमागे, लाव्ह्याच्या काळ्या दगडांवर उभी केलेली फळ्यांची एक खोली भाड्याने घेतलीत आणि लाकडी कोळसा विकायला बसलात. त्या कोळशावरही जंगलातल्या टोळ्यांची वसुली असते, म्हणजे तुमच्या चुलीपर्यंत पोचायच्या आधीच त्यात बंदुकीचा वाटा गेलेला. पाण्याविना हाल सुरू झाले तेव्हा त्या गोण्यांना तुम्ही मागाल ती किंमत मिळाली असती. तुम्ही त्या विकल्या नाहीत. गल्लीतल्या पोरांना पिवळे कॅन देऊन सरोवरावर पाठवलंत, आणि आलेलं पाणी दिवसभर उकळत बसलात. तुमचं सगळं भांडवल त्या चुलीत जळत होतं.

मुलाला जुलाब सुरू झाले होते, अंगात त्राण नव्हतं. गोळीबार जरा थांबल्यावर तुम्ही मागच्या दाराने कॅन घेऊन आलात. मी पाण्याकडे नुसती बघत राहिले. सरोवराच्या पाण्याची धास्ती सगळ्यांनाच होती, आणि परक्या देशात आजारी पोर मांडीवर असलेल्या बाईला तर जास्तच. माझ्या तोंडावर ती दिसली असणार. दुसरी कुणी असती तर दुखावली असती, कॅन ठेवून निघून गेली असती. तुम्ही अंगाभोवती गुंडाळलेल्या किटेंगेच्या, त्या रंगीत कापडाच्या, टोकाने पेला पुसलात, आधी स्वतःसाठी ओतलंत, आणि माझ्याकडे बघत एका दमात प्यायलात. मग तोच पेला भरून माझ्या हातात दिलात. चेहऱ्यावर राग नव्हता, उपकाराचा भावही नव्हता.

ताई, नुसतं पाणी दिलं असतंत तरी मी जन्मभर ऋणी राहिले असते. पण तुम्ही माझी भीती ओळखलीत आणि तिचा मान ठेवलात. स्वतः एवढं सोसलेल्या माणसाला हे सुचावं, यावर मी पुन्हापुन्हा विचार करते. संकटात माणसं पशू होतात असं म्हणतात. गोम्याच्या त्या गल्लीत मी तसं पाहिलं नाही. ज्यांच्याकडे सर्वांत कमी होतं त्यांनीच दारं उघडी ठेवली.

तुमच्यासारख्यांच्या नावाने मोठमोठे करार झाले. एम-२३ हे नावच २३ मार्च २००९ च्या शांतता करारावरून आलेलं. सरकारने तो पाळला नाही म्हणत ते उठले आणि २०१२ मध्येही त्यांनी गोमा घेतलंच होतं. संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना १९९९ पासून आहे. तिच्यातल्या आपल्या जवानांबद्दल आणि गोम्यात भारतीय सैन्याने चालवलेल्या रुग्णालयाबद्दल मला आदरच आहे, पण शंभरावर सशस्त्र गट आणि जमिनीखालचं कोल्टन, म्हणजे मोबाइलसाठी लागणारं खनिज, त्यापुढे ती सेना शहर राखू शकली नाही. अंगोलात लुआंडाला ठरलेली काँगो-रवांडाची बैठक २०२४ च्या डिसेंबरात ऐन वेळी फिसकटली. मग २०२५ च्या जूनमध्ये वॉशिंग्टनला सह्या, जुलैत दोहाला सह्या, ४ डिसेंबरला पुन्हा वॉशिंग्टनला, काँगो आणि रवांडाच्या राष्ट्राध्यक्षांच्या हजेरीत. त्यानंतर आठवडाभरात काँगोचं उविरा शहरही एम-२३ च्या हाती पडलं. सह्या करणाऱ्यांपैकी एकाने तरी तुमच्या खोलीत एक रात्र काढायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

आम्ही आता मिरजेला आहोत. मुलगा शाळेत जातो, बरा आहे. गोम्यातल्या बँका बंद झाल्या म्हणून पैसे थेट पाठवता आले नाहीत. गिसेनीतल्या ओळखीच्या बाईंकडे दिले आहेत. त्या फाटक ओलांडून तुमच्या हातात ठेवतील. ते उसने नाहीत, परत करायचे नाहीत. आधी कोळशाच्या गोण्या भरा. थोरलीचं नाव शाळेतून काढू नका, तिची फी दर वर्षी आम्ही पाठवू.

तुमची,
पुढच्या घरातली