लघवीची नळी कधी काढायची, हे कुणी विचारायचं?

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या महिन्यात मिरजेत आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं. हॉस्पिटलचं नाव घेत नाही, डॉक्टर चांगले होते, ऑपरेशन पण एक नंबर झालं. पण पाचव्या दिवशी आईला थंडी वाजून ताप आला, दोन गोधड्या टाकल्या तरी दात वाजायचे थांबेनात. कारण निघालं लघवीची नळी. ऑपरेशनच्या दिवशी घातलेली, एक-दोन दिवसांत काढता आली असती असं नंतर डॉक्टरच म्हणाले, पण सिस्टरना वाटलं डॉक्टर सांगतील, डॉक्टरना वाटलं काढली असेल, आणि आम्हाला वाटलं असू दे की, म्हातारीला सारखं उठवायला नको. नळी जेवढे दिवस आत तेवढी जंतूंना वाट मोकळी, हे आम्हाला कुणी बोललंच नाही.

एक बरं केलं, अँटिबायोटिक बदलायच्या आधी रक्त आणि लघवी कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला पाठवली. रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात, तोवर अंदाजानं इंजेक्शन. कागद आला तर जंतू क्लेबसिएला, खाली औषधांची नावं आणि प्रत्येकापुढं एक अक्षर. एस म्हणजे औषध लागू पडतंय, आर म्हणजे जंतू दाद देत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन आर, सेफिक्झीम आर, खाली बघत गेलो तर आरच आर, शेवटी मेरोपेनेमपुढं एस दिसला तेव्हा जीवात जीव आला. मग दिवसातून तीनदा सलाईनमधून, सात दिवस.

आता सेफिक्झीम म्हणजे आमच्या घरच्या डब्यात कायम असणारी गोळी! घसा धरला की मेडिकलवाल्याकडून दोन गोळ्या, बरं वाटलं की बंद. अशानंच जंतू औषधाला सरावतात. खरं तर हे औषध शेड्यूल एच-१ या सरकारी यादीतलं, मार्च २०१४ पासून चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही आणि रजिस्टरला पेशंटचं, डॉक्टरचं नाव लिहायचं असा नियम आहे. आमचं नाव कुठल्या रजिस्टरला असेल असं वाटत नाही, पण मेडिकलवाल्याला काय बोलायचं, मागायला आम्हीच गेलो होतो. आणि आमच्या पाहुण्यांनी आटपाडीला डाळिंबाच्या तेल्या रोगावर स्ट्रेप्टोसायक्लिन कितीदा मारलं असेल, ते पण अँटिबायोटिकच की.

वॉर्डात सॅनिटायझरची बाटली होती, रिकामी. हातमोजे तेच घालून एका बेडवरून दुसऱ्या बेडवर. सिस्टरांना तरी किती बोलणार, रात्री पंधरा बेडना एकटी बाई.

माझं म्हणणं एवढंच, की नळी घातलेली तारीख बेडच्या पाटीवर मोठ्या अक्षरात लिहा आणि रोज राऊंडला "आज काढायची का?" एवढं विचारा. याला काय खर्च येतो? शेजारच्या बेडवर कवठेमहांकाळचे एक आजोबा होते, त्यांची नळी कधी घातली म्हणून मी सहज विचारलं, सिस्टरनी फाईल बघितली, डॉक्टरना फोन लावला, आणि दुपारपर्यंत नळी निघाली.

एक वाचक, विश्रामबाग, सांगली