बंड्यास, ओटाव्याहून

ओटावा,
रविवार, ७ जानेवारी २०२४

प्रिय बंड्या,

दिवाळीत तुझे तीन मिस्ड कॉल आले होते. एकही उचलला नाही आणि नंतर उलटा फोनही केला नाही. कारण विचारू नकोस. विचारलंस तर मी थाप मारणार, आणि माझी थाप तुला पाचवीपासून ओळखता येते. प्रकृती ठीक. माझी साखर आहे तिथंच आहे, हिची कंबरही आहे तिथंच आहे. थंडी अजून पडायची आहे, कालवा गोठलेला नाही. मागच्या हिवाळ्यात तर तो स्केटिंगला उघडलाच नव्हता.

हे पत्र शेजारच्या म्हातारीमुळं लिहितोय. काल शनिवार. सकाळी साडेसातला मी बाहेर आलो, तर ती दार उघडून पायरीकडं बघत उभी. गाऊनवर कोट, पायात मुलाचे ढगळे बूट. पायरीवर काही नव्हतं. तिनं डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, वाकून पायपुसण्याचा कोपरा उचलून बघितला. मग तिच्या ध्यानात आलं असावं. माझ्याकडं बघून हात हलवला आणि दार लावून घेतलं.

तिचा पेपर बंद झालाय, बंड्या. गेल्या शनिवारी, ३० डिसेंबरला, शेवटचा छापील अंक आला. आता जे काही असेल ते फोनवर. आणि मला तिथल्या तिथं आपल्या बेळगावातल्या, शहापूरच्या फाटकातले आजोबा दिसले. धोतर, हातात चष्म्याचं घर, आणि मान रस्त्याकडं. कुठले आजोबा हे तुला सांगायला नको. त्यांच्याकडं येतो, पण जरा दमानं घे, कारण ते सांगायला मला हिंमत गोळा करावी लागणार आहे.

पेपरचं नाव 'ल द्र्वा', म्हणजे हक्क. म्हातारी गेली आठ वर्षं मला त्याची गाथा ऐकवतेय. निम्मी फ्रेंचमध्ये, निम्मी माझं तोंड बघून इंग्रजीत. (कचेरीतल्या फ्रेंचच्या तोंडी परीक्षेत मी दोनदा आपटलोय. हसू नकोस, कन्नडच्या पेपरात तुला किती पडले होते ते मला आठवतंय.) १९१२ साली इथल्या ऑन्टॅरिओ सरकारनं 'नियम १७' काढला. शाळेत पहिली दोन वर्षं सोडली तर पुढं फ्रेंचमधून शिकवायचं नाही. त्यावर इथले फ्रेंच लोक पेटले, आणि शार्लब्वा नावाच्या एका पाद्र्यानं पुढाकार घेऊन २७ मार्च १९१३ ला हा पेपर सुरू केला. ब्रीदवाक्य काय, तर 'भविष्य लढणाऱ्यांचं असतं'. आपल्या बाबूराव ठाकुरांचा 'तरुण भारत' १९१९ चा. तारखा ऐकून मी तिला म्हटलं, बाई, आमच्या गावातही अशीच कथा आहे, फक्त पाद्री नाहीत. तिला बेळगाव कुठं आहे ते कळलं नाही, पण शाळा, भाषा आणि सरकार हे तीन शब्द ऐकून तिनं अशी मान हलवली की नकाशाची गरज उरली नाही.

खरी गंमत गीग शाळेची. बायवर्ड मार्केटजवळ मरे स्ट्रीटवर ती इमारत अजून उभी आहे, आता आत फ्लॅट झालेत. तिथं देलोज आडनावाच्या दोन बहिणी, बेआत्रिस आणि दियान, नियम झुगारून फ्रेंचमधून शिकवायच्या. त्यांना शाळेबाहेर काढलं, तर पोरं त्यांच्यामागं बाहेर. मग जानेवारी १९१६ मध्ये आया शाळेत घुसल्या, दोघींना परत वर्गात बसवलं आणि दारावर पहारा दिला. हातात काय, तर टोपीला लावायच्या लांब पिना. शिवाय लाटणी आणि तवे. पोलीस आले आणि पिना बघून माघारी गेले. म्हातारी हे सांगताना हातातली सुई माझ्या पोटाकडं रोखते. मला दर वेळी तुझी आई आठवते, गणिताच्या मास्तरांनी तुला उलट्या हातानं मारलं त्या दिवशीची. त्या दिवशी तिच्या हातात लाटणं नव्हतं हे मास्तरांचं नशीब.

१९२७ ला सरकारनं नमतं घेतलं. पेपर मात्र राहिला. १९९७ मध्ये इथलं माँफोर हे फ्रेंच हॉस्पिटल बंद करायचा घाट घातला गेला, तेव्हा पेपर उघडपणे हॉस्पिटलच्या बाजूनं उभा राहिला आणि २२ मार्चला दहा हजार माणसं एका स्टेडियमात जमली. म्हातारीही गेली होती. पुढं कोर्टात हॉस्पिटल वाचलं. तिचा उजवा गुडघा तिथंच बदललाय, आणि ती तो असा थोपटते की जणू तो तिनं सरकारकडून हिसकावून आणलाय.

आणि एवढं सगळं पचवलेल्या पेपरला बुडवलं कुणी? जाहिरातींनी. त्या सगळ्या फोनवर गेल्या. पाद्र्यांनी पेपर कधीच विकला होता, त्यानंतर मालक बदलत गेले. ऑगस्ट २०१९ मध्ये तेव्हाची मालक, सहा पेपर चालवणारी कंपनी दिवाळखोरीत गेली. मग कामगारांनी मिळून सहकारी संस्था काढली. सहकार म्हटल्यावर मी कान टवकारले, पण इथं चेअरमनच्या गाडीची भानगड ऐकली नाही. उलट जुन्या लोकांच्या पेन्शनला कात्री लागली. मार्च २०२० मध्ये कोरोना आला आणि रोजचा अंक छापायचा थांबला, उरला शनिवारचा. कचेरीसुद्धा नदी ओलांडून पलीकडं क्वेबेकमध्ये, गातिनोला गेली. म्हातारीला याचा राग पेपर बंद झाल्यापेक्षा जास्त आहे. ओटाव्यातल्या फ्रेंचांसाठी निघालेला पेपर ओटाव्यातच राहिला नाही, म्हणते.

मुलगा म्हणतो, बाबा, पेपर मेला नाहीये, ॲपवर आहे. बरोबर आहे त्याचं. पण ॲप पायपुसण्याखाली सापडत नाही.

आता मुद्दा. दादाचा फोन आला होता. आईचा पेपर या महिन्यापासून बंद करतोय म्हणाला. "कोण वाचतंय रे? मोतीबिंदू काढला तरी तिला दिसत नाही. दुपारपर्यंत मांडीवर धरून बसती, संध्याकाळी रद्दीत ठेवती. न उघडता!" मी त्याच्यावर असा ओरडलो की ही स्वयंपाकघरातून धावत आली. पैसे मी भरतो, तुझ्या बापाचं काय जातं, असं म्हणालो. बाप एकच आहे हे नंतर लक्षात आलं. मग आई फोनवर आली. म्हणाली, "असू दे की रे, भांडू नका. पेपर पडल्याचा आवाज आला की उजाडल्यागत वाटतंय, एवढंच."

तेव्हापासून डोक्यात हेच. दादा चुकीचा नाही. मी स्वतः पाच वर्षांत छापील मराठी पेपर हातात धरलेला नाही. तुझ्या पोरीला इंग्रजी शाळेत घातलंस तेव्हा मी तुला फितूर म्हणालो होतो, चारचौघांत, तुझ्याच घराच्या गच्चीवर. तू म्हणालास, "तू कॅनडात बसून सीमाप्रश्न लढीव, मी हितं फी भरतो." दोन वर्षं बोललो नाही आपण. माझं पोरगं आजीशी फोनवर 'हाय आजी, बाय आजी' एवढंच मराठी बोलतं, हे तुला माहीत असूनही तू कधी तोंडावर मारलं नाहीस. मारायला हवं होतंस.

बरं, आजोबा. पेपर टाकायची ती लाइन तुझी होती. तुला ताप आला म्हणून पावसाळ्यात दोन आठवडे मी टाकली. शेवटचं घर त्यांचं, चढावर, आणि शेजारी ते पिसाळल्यासारखं कुत्रं. मी तिथवर गेलोच नाही, बंड्या. एकदाही नाही. चौदा अंक साठवून भेळवाल्याला विकले. एकदा मात्र लांबून बघितलं होतं, म्हातारा छत्री घेऊन फाटकात उभा. एजंटकाकांनी शनिवार खुटावर सगळ्या पोरांसमोर थोबाडीत मारली ती तुला. तू म्हणालास, मी टाकत होतो, पावसात भिजले असतील. मी पुरवण्या घालत बसलो, मान वर केली नाही. त्याच संध्याकाळी आपण भजी खाल्ली. पैसे कुठले विचारलंस, तर मामा आलेत म्हणालो. माझा कुठला मामा रे? एकुलता एक मामा, तोही तेव्हा अरबस्तानात.

तुला तेव्हाच कळलं होतं, असं मला आता वाटतंय.

पोरीला कॅम्पसमधून नोकरी लागली ते फेसबुकवर बघितलं, अभिनंदन. दुकानासमोरचा रस्ता झाला का? वैनींच्या बहिणीचं काय ठरलं? गुडघ्यावर तेल चोळत बसू नकोस, डॉक्टरला दाखव.

एक काम कर. दादाला मी पेपर चालू ठेवायला सांगितलंय, तो तुझ्यासमोर नाही म्हणणार नाही. आठवड्यातून एकदा दुकान बंद केल्यावर आईकडं जा आणि तिला दोन पानं वाचून दाखव. निधनवार्तांपासून सुरुवात कर, तिला त्याच आधी लागतात. ओळखीचं कुणी निघालं तर तीनदा वाचायला लावेल. कंटाळू नकोस. शेवटचं घर आहे म्हणून परत फिरू नकोस.

तुझाच,
पम्या

ता. क. म्हातारीनं तो शेवटचा अंक मला दिलाय. घडीसुद्धा मोडलेली नाही. जूनमध्ये येताना घेऊन येतो. थोबाडीत तेव्हा वसूल कर, पण आधी कुंदा खाऊ घाल.