फरशीवरचं माझं घर

प्रिय फिजिओताई,

पहिले दोन दिवस मी तुला मॅडम म्हणत होते, अहोजाहो करत होते. तिसऱ्या दिवशी तू म्हणालीस, "काकू, माझी आई तुमच्यापेक्षा मोठी आहे, मला अगं म्हणा." म्हणून हे पत्रही अगंतुगंतच लिहितेय. नाव लिहीत नाही. विचारलं तेव्हा तू हात जोडून "नाव नको हो काकू" म्हणालीस, ते लक्षात आहे.

परवा मी घरी जाणार. ऐरोलीहून ठाण्याला, भावाच्या घरून माझ्या घरी. रिक्षाने अर्ध्या तासाचा रस्ता. पण आठ आठवडे झाले, मी माझ्या ओट्याशी उभी राहिलेली नाही. नौपाड्यातली आमची जुनी बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही. म्हणून पायाचं ऑपरेशन झाल्यावर भाऊ-वहिनी मला थेट इकडे घेऊन आले. वहिनीने आठ आठवडे मला हातावर झेललं, तिचं ऋण वेगळं आहे आणि ते मी तिला रोज तोंडावर सांगते. तुला सांगायचं मात्र राहून गेलं. दर वेळी तुझ्यासमोर माझा गळा भरून यायचा, आणि बाहेर पुढचा पेशंट थांबलेला असायचा.

आधीचं थोडं सांगते, कारण त्याशिवाय तू काय केलंस ते वाचणाऱ्यांना कळणार नाही.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात हरिनिवासपाशी बसमधून उतरताना माझा डावा पाय पेव्हर ब्लॉकच्या खड्ड्यात गेला. वर पाणी साचलेलं, खड्डा दिसलाच नाही. पावलाचा पुढचा भाग आत अडकला आणि अंगाचा सगळा भार वरून आला. काहीतरी फाटल्यासारखा आवाज मला स्वतःला ऐकू आला. त्याच संध्याकाळी एका दवाखान्यात गेलो. झोपवून एक्स-रे काढला, डॉक्टरांनी तो खिडकीकडे धरून बघितला, म्हणाले, हाड शाबूत आहे, मुरगळलाय. क्रेप बँडेज, गोळ्या, बर्फ. तिसऱ्या दिवशी तळव्याच्या मधोमध काळानिळा डाग आला, जांभळासारखा. मी पुन्हा गेले. सांगितलं, "डॉक्टर, तळवा काळा पडलाय." ते लिहीत होते. लिहिता लिहिताच म्हणाले, "रक्त उतरतं खाली, वजन कमी करा जरा." मी खुर्चीत बसून मोजा काढला होता. पाय पुढे धरला होता. त्यांनी मान वर केली नाही. मी मोजा पुन्हा चढवला आणि घरी आले.

दुसऱ्या ठिकाणीही तेच. पुन्हा झोपवून एक्स-रे, पुन्हा मुरगळलाय. त्या पायावर मी सात आठवडे उभी राहिले. माझं काम उभं राहायचं आहे, पोळी-भाजीचे चाळीस डबे रोज जातात माझ्याकडून. संध्याकाळपर्यंत पाय एवढा सुजायचा की चप्पल कापून घातली. सगळे म्हणायचे, वय झालं, सहन होत नाही आता. मलाही तसंच वाटायला लागलं होतं. या गोष्टीचा राग अजून गेलेला नाही माझा. आपल्याला दुखतंय की नाही, याचाच संशय यायला लावणं फार वाईट.

शेवटी तुमच्या हॉस्पिटलात सर्जननी दोन्ही पायांवर उभं करून एक्स-रे काढला आणि पहिल्या नि दुसऱ्या हाडामध्ये पडलेली फट मला बोटाने दाखवली. लिसफ्रँकची दुखापत, म्हणजे पावलाच्या मधल्या सांध्याची. नेपोलियनच्या सैन्यात काम केलेल्या एका फ्रेंच सर्जनचं नाव त्या सांध्याला आहे, हे नंतर तूच सांगितलंस. झोपून काढलेल्या एक्स-रेत ती फट पुष्कळदा दिसत नाही, उभं राहून भार दिला की उघडते, हेही तूच. आणि तळव्यावरचा तो काळा डाग ही या दुखापतीची ओळखीची खूण आहे, हे तू सांगितलंस तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून रडले होते. तू विचारलं नाहीस का रडताय म्हणून. पाण्याची बाटली उघडून हातात दिलीस. हे वाचणाऱ्या कुणाचा पाय असा मुरगळला असेल, तळवा काळानिळा झाला असेल आणि टाच उचलून चवड्यावर उभं राहता येत नसेल, तर उभं राहून एक्स-रे काढा म्हणून हट्ट धरा. भीड ठेवू नका.

ऑपरेशनचं काही लिहीत नाही. प्लेट बसली, स्क्रू बसले, ज्यांनी केलं त्यांचे हात देवाचे. गणपतीत मी खाटेवर होते. लग्नानंतर पहिल्यांदा आमच्या घरी बाप्पाला विकतचे मोदक आले.

तू पहिल्यांदा आलीस ते आठवतंय. स्टूल खाली ओढलंस आणि आधी माझा उजवा पाय हातात घेतलास, चांगला. मी म्हटलं, अहो, डावा आहे. तू म्हणालीस, "माहितीये, पण तुमचा पाय मुळात कसा आहे ते आधी बघू दे की." बोटं हलवून बघितलीस, टाचेच्या भेगेवरून अंगठा फिरवलास. सांगितलंस, एका पावलात २६ हाडं, दोन्ही पावलांत मिळून ५२, अंगातल्या २०६ हाडांचा चौथा हिस्सा इथे खाली आहे. ज्या पायांवर एकोणीस वर्षं माझा संसार उभा आहे ते कुणी असं हातात घेऊन बघतंय, हेच मला नवीन होतं.

पण ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले, ते सहाव्या आठवड्यातलं.

बूट घालून थोडा थोडा भार द्यायला सुरुवात झाली होती. वजनकाट्यावर तू माझं पाऊल ठेवायचीस आणि काटा वीसवर नेऊन थांबायला सांगायचीस. मला ते जमेना, कधी आठ, कधी पस्तीस. तू विचारलंस, घरी पीठ कितीची पिशवी आणता? म्हटलं, दहाची. "मग दोन पिशव्या ठेवा पायावर." त्या क्षणी जमलं. हाताला माहीत असलेलं ओझं तू पायाला शिकवलंस.

त्याच दिवशी निघताना तू विचारलंस, "काकू, घर कसं आहे तुमचं, सांगा ना."

मला वाटलं, सहज गप्पा. मी सांगितलं, छोटंसंच आहे, वन रूम किचन. तू म्हणालीस, "तसं नाही. दारातून आत आलात की उजव्या हाताला काय?" मग ओटा कुठे, गॅस कुठे, फ्रिज उघडतो कुठल्या बाजूला, बाथरूमचा उंबरा किती उंच. यांना फोन लावायला सांगितलास. हे घरी होते, माझ्या शिवणाच्या डब्यातली टेप काढून मोजत बसले आणि आकडे सांगत गेले. तू पेशंटच्या कागदामागे लिहून घेतलेस. मग ट्रेमधली ती पांढरी कागदी चिकटपट्टी उचललीस, सलाइनच्या सुईवर लावतात ती, आणि व्यायामाच्या खोलीच्या फरशीवर गुडघ्यांवर बसून पट्ट्या चिकटवायला लागलीस.

हा ओटा, साडेपाच फूट. हा फ्रिज. ही मोरीकडची भिंत. हे बाथरूमचं दार, २२ इंच.

मी बघतच राहिले. दहा मिनिटांत माझं घर त्या पांढऱ्या फरशीवर उमटलं. दाराशी तू चादरीची घट्ट गुंडाळी करून ठेवलीस, तो उंबरा. मग मला वॉकर दिलास, म्हणालीस, "चला, चहा करा."

गॅसपाशी गेले, वळले, फ्रिजपाशी आले. दुधाचं पातेलं काढायचं तर वॉकर सोडावा लागतो, हे मला तिथे कळलं. बाथरूमच्या दारात वॉकर अडला. २४ इंचांचा वॉकर, २२ इंचांचं दार. ताई, हे मला घरी कळलं असतं. रात्री दोन वाजता, अंधारात, ओल्या लादीवर. विचार केला तरी अंगावर काटा येतो.

मग तू सगळं एकेक करून बसवलंस. दाराशी वॉकर सोडून कुबडी घ्यायची, आत भिंतीला पकडायला दांडी बसवायची, ओट्याशी उंच स्टूल, दुधाचं पातेलं ओढायला चाकांची छोटी ट्रॉली. जिन्याचं तर यांच्याकडून व्हिडिओ मागवलास आणि जेवणाच्या सुट्टीत, एका हातात बिस्किटाचा पुडा धरून, तीनदा बघितलास. ५४ पायऱ्या. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कठडा नाही, आम्ही तिथे इतकी वर्षं राहतो, पण हे आमच्या डोळ्यांत कधी आलं नव्हतं. तुला पहिल्यांदा बघताच दिसलं. पुढच्या वेळी लिफ्ट असताना आपण हॉस्पिटलच्या मागच्या जिन्याने गेलो. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. चार पायऱ्यांनंतर तू मुद्दाम म्हणालीस, "आता कठडा सोडा, वळण आलं." तुझा हात माझ्या पाठीमागे होता, पण तू लावला नाहीस.

त्या पट्ट्यांबद्दल अजून एक. ज्या दिवशी तू त्या चिकटवल्यास, तेव्हा झाडूवाल्या मावशी पोछा घेऊन आल्या होत्या. तू त्यांना म्हणालीस, "मावशी, ही काकूंची खोली आहे, आठवडाभर राहू दे." एवढंच. पुढच्या बुधवारी मी आले तेव्हा पट्ट्या जशाच्या तशा होत्या. कडा धुळीने काळ्या झाल्या होत्या, पण एकही उचकटलेली नव्हती. सगळ्या खोलीची फरशी लखलखीत आणि पट्ट्यांच्या बाजूने बोटभर जागा कोरडी. म्हणजे सात दिवस त्या बाईने माझ्या ओट्याला, माझ्या फ्रिजला, माझ्या उंबऱ्याला वळसा घालून पोछा मारला होता. मला ती ओळखतही नव्हती. मी विचारलं तर म्हणाली, "घरातून कोण चालतं का पाय देऊन?"

तेव्हापासून माझ्या मनात हेच घोळतंय. चांगुलपणाला पैसे लागत नाहीत म्हणतात, ते खरं आहे, पण त्याला वेळ लागतो आणि तो वेळ कुणाकडेच जास्तीचा नसतो. तुझ्याकडेही नव्हता. बाहेर रांग होती, तू जेवली नव्हतीस. त्या पहिल्या डॉक्टरांच्या बाहेरही रांगच होती. मान वर करून तळवा बघायला दहा सेकंद लागली असती. मी त्यांना शाप देत नाही, पण तुझ्याकडे बघून कळलं की ते करता आलं असतं. गर्दी सगळ्यांकडे आहे. माणसाकडे बघायचं की कागदाकडे, हे गर्दी ठरवत नाही. आमच्या आईकडे दारात कुणी आलं की ती पहिल्यांदा पायाकडे बघायची, चालून आलाय का, चप्पल तुटलीय का, मग पाणी. तिने हे कुठे शिकलं नव्हतं. तू शिकलीस की तुला घरून मिळालं, कोण जाणे. ज्यांनी दिलं त्यांना माझा नमस्कार सांग.

घरची तयारी झालीय. दांडी बसली. ट्रॉली आली. माझ्याकडच्या दोघींनी इतके दिवस डबे चालू ठेवले, एकही दिवस खाडा नाही, आता दिवाळीच्या चकल्या-चिवड्याच्या ऑर्डरीही त्यांनीच घेतल्यात. मी स्टूलवर बसून फक्त भाजणीची चव बघणार. आणि वळणावरचा कठडा! तुझा व्हिडिओचा किस्सा ऐकल्यावर खालच्या मजल्यावरच्या भाऊजींनी स्वतः लोखंडी पाइप आणून वेल्डिंगवाल्याला उभा केला. काल यांनी फोटो पाठवला, रंग अजून ओला आहे. दिवाळी पहाटेला राम मारुती रोडवर तरुण पोरांचा जो गजबजाट असतो, तो यंदा मी माझ्या खिडकीतून ऐकणार.

भीती आहे. खोटं कशाला सांगू. ५४ पायऱ्या रोज स्वप्नात चढते. पण आता त्या स्वप्नात मला माहीत असतं की कुठला पाय आधी टाकायचा.

मंगळवारी तुझ्याकडे माझा नंबर आहे. डबा घेऊन येईन, बिस्किटाचा पुडा आत ठेव. भरली वांगी चालतात ना गं तुला? तू माझ्या फ्रिजचं दार कुठल्या बाजूला उघडतं तेसुद्धा विचारलंस, आणि तू काय खातेस हे मी एकदाही विचारलं नाही.

तुझी,
दुसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डातली खिडकीजवळची काकू