टुंडू लिसूंच्या खटल्यात भारताचा माणूस बसू द्या

लातूर, २२ नोव्हेंबर २०२५

माननीय परराष्ट्रमंत्री श्री. एस. जयशंकर यांस,
स. न. वि. वि.

मी लातूरला वकिली करतो. आमच्या इथे डाळीच्या व्यापाऱ्यांच्या तोंडी 'अरुषा' आणि 'मटवारा' ही नावं नेहमीची. दोन्ही ठिकाणं टांझानियातली. तिकडून मुंबईच्या बंदरात उतरणारी तूर त्याच नावांनी विकली जाते. त्या तुरीनं आपला भाव पडतो ही आमच्या शेतकऱ्याची तक्रार खरी आहे, पण आज विषय तो नाही.

मटवाराला लागून रुवुमा प्रांत आहे. तिथल्या म्बिंगा गावात यंदा ९ एप्रिलला सभा आटोपल्यावर पोलिसांनी एका वकिलाला ताब्यात घेतलं आणि दुसऱ्या दिवशी दार-ए-सलामच्या कोर्टात उभं करून त्याच्यावर देशद्रोहाचा आरोप ठेवला. स्वाहिलीत या गुन्ह्याला 'उहाइनी' म्हणतात. त्याला जामीन नाही आणि शिक्षा फाशीची आहे. आरोपाचा आधार काय, तर निवडणूक सुधारणा झाल्याशिवाय निवडणूक होऊ देणार नाही, अशा आशयाचं भाषण. हे वकील म्हणजे टुंडू लिसू, चाडेमा या प्रमुख विरोधी पक्षाचे अध्यक्ष.

माणूस मुळात कोर्टकचेरीतला. जन्म १९६८चा, सिंगिडा भागातल्या खेड्यातला. पर्यावरणाचे कायदे हा त्यांचा विषय. बुल्यानहुलूच्या सोन्याच्या खाणीवरून १९९६ साली छोट्या खाणकामगारांना हुसकावलं गेलं, तेव्हा त्यांची बाजू घेऊन हा तरुण वकील सरकारशी आणि परदेशी कंपनीशी भिडला. २०१०मध्ये खासदार झाला. २०१७च्या मार्चमध्ये देशभरातल्या वकिलांनी त्यांना आपल्या संघटनेचं, टांगानिका लॉ सोसायटीचं, अध्यक्ष केलं. आपल्याकडे बार असोसिएशनची निवडणूक कशी होते ते मी जवळून पाहतो. सरकारच्या डोळ्यांत खुपणाऱ्या माणसाला वकील सहसा लांबूनच नमस्कार करतात. तिथल्या वकिलांनी तसं केलं नाही, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लिसूंनी जाहीर केलं की, सरकारी विमान कंपनीसाठी घेतलेलं नवं विमान धनकोंनी कॅनडात अडकवून ठेवलंय. तीन आठवडेही झाले नसतील. ७ सप्टेंबरला दुपारी ते डोडोमात संसदेतून घरी परतले. गाडी खासदारांच्या वसाहतीत, दाराशी येऊन थांबली आणि बंदुका सुरू झाल्या. सोळा गोळ्या त्यांच्या अंगात शिरल्या. त्याच रात्री विमानानं नैरोबी, पुढे बेल्जियम, वीसच्या आसपास शस्त्रक्रिया. राजधानीत, खासदारांच्या वसाहतीत, भर दुपारी हे घडलं, आणि आजवर एकाही माणसावर त्याबद्दल खटला उभा राहिलेला नाही. उलट उपचार चालू असतानाच, २०१९मध्ये, गैरहजेरीचं कारण देऊन सभापतींनी त्यांची खासदारकी रद्द केली. गैरहजेरी! फौजदारी कामं पाहणाऱ्या कुणाही माणसाच्या हे घशाखाली उतरणार नाही.

तरी २०२०मध्ये ते लंगडत परत आले आणि राष्ट्राध्यक्ष मागुफुलींविरुद्ध उभे राहिले. सरकारी निकालात मागुफुलींना ८४ टक्के मतं आणि लिसूंना १३. जिवाला धोका वाढला तसं त्यांनी पुन्हा बेल्जियम गाठलं.

मागुफुली २०२१च्या मार्चमध्ये वारले आणि सामिया सुलुहू हसन राष्ट्राध्यक्ष झाल्या. त्यांनी सुरुवात चांगली केली, हे मोकळेपणानं म्हणायला हवं. २०२२च्या फेब्रुवारीत त्या ब्रसेल्समध्ये लिसूंना स्वतः भेटल्या. २०२३च्या जानेवारीत सभांवरची बंदी उठवली आणि लिसू मायदेशी परतले. त्याच वर्षी जुलैत आपण झांझिबारला गेलात, आपल्यासमोर आयआयटी मद्रासच्या तिथल्या शाखेचा करार झाला. ऑक्टोबरमध्ये सामियाबाई दिल्लीला आल्या, तेव्हा जवाहरलाल नेहरू विद्यापीठानं त्यांना मानद डॉक्टरेट दिली. आपण त्याच विद्यापीठाचे माजी विद्यार्थी. त्या दिवशी तो मान देण्यात आपलं काही चुकलं, असं मला वाटत नाही. पण मान दिला की चार शब्द बोलण्याचा हक्कही येतो, आणि तो हक्क आपण अजून वापरलेला नाही.

यंदा एप्रिलपासून लिसू तुरुंगातच राहिले आणि २९ ऑक्टोबरला निवडणूक उरकली गेली. चाडेमाला ती लढवू दिली नाही, दुसऱ्या मोठ्या पक्षाचा उमेदवारही बाद ठरवला. जाहीर निकालात सामियाबाईंना जवळपास ९८ टक्के मतं. लोक रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, इंटरनेट कित्येक दिवस बंद होतं. किती जण गेले याचा सरकारी आकडा नाही. शेकडो गेले, असं विरोधक सांगतात. आता राष्ट्राध्यक्षांनी चौकशी आयोग जाहीर केला आहे.

खटल्याचंही सांगतो. वकिलांशी एकांतात बोलू देत नाहीत म्हणून जूनमध्ये लिसूंनी आपले वकील बाजूला केले आणि स्वतःच उभे राहिले. सरकारी साक्षीदारांची ओळख लपवायला परवानगी मिळाली आहे. समोर कोण बोलतंय हेच कळत नसेल, तर उलटतपास घ्यायचा कुणाचा? मे महिन्यात खटला ऐकायला आलेल्या केनियाच्या माजी कायदामंत्री मार्था कारुआ यांना विमानतळावरूनच परत पाठवलं. १९०८मध्ये लोकमान्य टिळक मुंबई हायकोर्टात स्वतःची बाजू मांडायला उभे राहिले आणि एकवीस तासांहून अधिक बोलले. नऊ ज्यूरींपैकी सात युरोपियनांनी दोषी म्हटलं, दोन पारशांनी नाही म्हटलं. हा हिशेब आपल्याला आज ठाऊक आहे, कारण तेव्हा कोर्टात बसून कुणीतरी तो टिपून ठेवला.

दुसऱ्या देशाच्या कारभारात ढवळाढवळ करायची नाही, हे आपलं धोरण मला मान्य आहे. व्यापार थांबवा, डॉक्टरेट परत घ्या, असलं काही मी मागत नाही. भारतीय वंशाची हजारो कुटुंबं तिथे आहेत, त्यांची काळजी आपल्याला आहेच. मागणं इतकंच आहे: लिसूंच्या पुढच्या प्रत्येक तारखेला दार-ए-सलाममधल्या आपल्या उच्चायुक्तालयातला एक अधिकारी वही-पेन घेऊन कोर्टात मागच्या बाकावर बसावा. आत सोडलं नाही, तर तसं त्यानं लेखी कळवावं. आणि टांझानियाच्या परराष्ट्रमंत्र्यांशी आपलं बोलणं होईल तेव्हा तूर, सोनं, बंदरं यांच्या जोडीला हे एक नावही आपण घ्यावं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
लातूरचा एक वकील