कान्हेरीला आईला सावरणाऱ्या मावशी आणि दादांचे आभार

मागच्या रविवारी बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कान्हेरीच्या लेण्या बघायला गेलो होतो, आईला ती पाण्याची टाकी बघायची होती, दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खूंसाठी काळ्या दगडात खोदलेली, शिलालेखांत त्यांना पोढी म्हणतात आणि पावसानंतर अजूनही भरतात. उतरताना शेवाळावरून आईचा पाय सटकला, घोटा बघता बघता टम्म सुजला आणि मला काहीच सुचेना.

शेजारी काकडी विकणाऱ्या, तिथल्याच पाड्यावरच्या मावशींनी टोपलीतल्या सगळ्या काकड्या फडक्यावर ओतल्या, टोपली पालथी घालून त्यावर आईचा पाय ठेवला, बाटलीतल्या गार पाण्यात रुमाल भिजवून घोट्याला गुंडाळला आणि तिचा हात धरून बसल्या. तेवढ्यात ड्युटीवरचे गार्डदादा खाली पळत जाऊन बस थांबवून आले, मग आम्ही दोघांनी खांद्याचा आधार देत आईला एकेक पायरी उतरवलं. पैसे देऊ केले तर मावशी म्हणाल्या, काकडी घेतली तर काकडीचे द्या, टोपलीचे कसले पैसे!

तिथल्या जंगलातल्या विहार, तुळशी तलावांचं पाणी आपण मुंबईकर रोज पितो पण ते जंगल, त्या लेण्या जपणारी माणसं कुठे दिसतात आपल्याला, मला त्या दिवशी दिसली. गडबडीत दोघांची नावंही विचारली नाहीत. मावशी, दादा, मनापासून आभार. आईचं प्लास्टर निघालं की काकड्या घ्यायला नक्की येतोय.