‘प्रचंड’ हेलिकॉप्टर दोन दलांत वाटलं, पण जवानाने हाक कुणाला मारायची?

मा. श्री. राजनाथ सिंह,
संरक्षणमंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,
सविनय नमस्कार.

मार्च २०२५ मध्ये आपल्या मंत्रालयाने ‘प्रचंड’ नावाच्या १५६ स्वदेशी हल्ल्याच्या हेलिकॉप्टरांचा ६२,७०० कोटी रुपयांचा करार केला. त्यातली ९० लष्कराला, ६६ हवाई दलाला. अपाचे या अमेरिकी हल्ल्याच्या हेलिकॉप्टरचंही तेच: २२ हवाई दलाकडे, ६ लष्करासाठी. खाली लढणाऱ्या जवानाला वरून आधार देण्याचं काम एक, यंत्र एक आणि मालक दोन. ही वाटणी कोणत्या हिशेबाने झाली, एवढंच विचारायला हे पत्र लिहितो आहे.

माझी नोकरी ओझरच्या विमान कारखान्यात गेली. मिग-२७ आमच्याकडेच तयार व्हायचं. जमिनीवर मारा करण्यासाठीच घडवलेलं विमान ते. नाकात रडार नाही, उलट नाक खाली उतरतं केलेलं, म्हणजे वैमानिकाला समोरची जमीन नीट दिसावी. पोटाखाली सहा नळ्यांची ३० मिलिमीटरची तोफ. डिसेंबर २०१९ मध्ये जोधपूरला ते निवृत्त झालं. खास त्या कामाचं दुसरं विमान काही आलं नाही, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोललंही नाही. अमेरिकेत ए-१० हे अशाच कामाचं विमान मोडीत काढायचं त्यांच्या हवाई दलाने कितीदा मनावर घेतलं, पण तिथली संसद वर्षानुवर्षं आडवी येत राहिली. भांडण का होईना, उघड्यावर तरी झालं.

मिग-२७ परत आणा असं मी म्हणत नाही. कारगिलमध्ये २७ मे १९९९ रोजी रॉकेटं डागल्यावर त्याचं इंजिन बंद पडलं आणि आपला वैमानिक शत्रूच्या हाती लागला. त्याच दिवशी एक मिग-२१ पाडलं गेलं, दुसऱ्या दिवशी तोलोलिंगजवळ एमआय-१७ हेलिकॉप्टर. त्यातले चौघेही गेले. मग हेलिकॉप्टरं हल्ल्यातून काढून घेतली आणि टायगर हिलवर लेझर बॉम्ब टाकले ते मिराजने, क्षेपणास्त्रांच्या टप्प्याबाहेर उंचावर राहून. हळू आणि खालून उडणारं विमान खांद्यावरच्या क्षेपणास्त्रापुढे टिकत नाही, हे हवाई दलाचं म्हणणं म्हणूनच उडवून लावता येत नाही. त्याआधी मे महिन्याच्या सुरुवातीला लष्कर हल्ल्याची हेलिकॉप्टरं मागत होतं आणि हवाई दलप्रमुख टिपणीस सांगत होते की ती त्या उंचीवर चालणार नाहीत, शिवाय सरकारची परवानगी हवी. उंचीबद्दल टिपणीसांचं बरोबरच होतं. पण हवाई हल्ले सुरू व्हायला २६ मे उजाडला, हेही खरं.

आपल्या खुर्चीवर १ सप्टेंबर १९६५ रोजी यशवंतराव चव्हाण होते. पाकिस्तानी रणगाडे जम्मूतल्या छांबमध्ये घुसले होते. दुपारी लष्करप्रमुख चौधरी विमानं मागायला आले. चव्हाणांनी काही मिनिटांत होकार दिला. आम्हा मराठी माणसांना हा प्रसंग अभिमानाने सांगायची सवय आहे. पुढचं मात्र आम्ही सांगत नाही. संध्याकाळी पठाणकोटहून जुनाट व्हॅम्पायर विमानं निघाली आणि त्यातली चार पडली. खाली कोण आपलं, कोण परकं हे वैमानिकांना कळेना. काही मारा आपल्याच सैन्यावर झाला. मंत्र्याने वेळ दवडला नव्हता. खालचा आणि वरचा यांच्यात बोलणंच नव्हतं.

सहा वर्षांनी, १९७१ च्या युद्धात, राजस्थानातल्या लोंगेवालाला ते बोलणं होतं. जैसलमेरच्या हंटर विमानांना रात्री मारा करता येत नव्हता, त्यामुळे मेजर चांदपुरींच्या तुकडीने रात्र एकटीने काढली. उजाडल्यावर लष्कराचं एक छोटं कृषक विमान वर घिरट्या घालत हंटरना रणगाडे दाखवत राहिलं. विमान हवाई दलाचं, नजर लष्कराची. वाळूत रणगाड्यांची काय गत झाली ते सगळ्यांना ठाऊक आहे.

म्हणून माझं म्हणणं असं की हल्ल्याची हेलिकॉप्टरं सगळी लष्कराला द्या. १९८६ पासून एमआय-२५ आणि एमआय-३५ या हल्ल्याच्या जुन्या हेलिकॉप्टरांची व्यवस्था अशी होती की हेलिकॉप्टर हवाई दलाचं आणि लढाईत हुकूम लष्कराचा. दोन घरचा पाहुणा उपाशी, तशातली गत. हवाई दल म्हणतं, ताकद तुकड्यातुकड्यांत वाटली की ऐन वेळी एकवटता येत नाही. लढाऊ विमानांच्या बाबतीत मला ते पूर्ण मान्य आहे. एक सुखोई सकाळी सीमेवर आणि संध्याकाळी समुद्रावर जाऊ शकतं. प्रचंडचं तसं नाही. ते ज्या ब्रिगेडसाठी उडतं तिच्याच डोंगरात त्याचं ठाणं हवं. आणि मिग-२१ गेल्यावर लढाऊ विमानांच्या मंजूर ४२ ऐवजी २९ स्क्वाड्रनवर (तुकड्यांवर) आलेल्या हवाई दलाने हेलिकॉप्टरांच्या मालकीसाठी का झुंजावं, हे मला खरंच कळत नाही.

बदल्यात लष्कराकडूनही काही घ्या. पुढच्या फळीत बसून विमानाला लक्ष्य सांगणारा माणूस प्रत्येक ब्रिगेडला कायमचा हवा. तो प्रशिक्षित हवा आणि विमान कोणत्याही दलाचं असो, या माणसाचा रेडिओ वैमानिकाशी थेट बोलणारा हवा. सरावापुरता उसना आणलेला नको. आमच्या नाशिक रोडला, गांधीनगरला लष्कराच्या वैमानिकांची शाळा आहे आणि देवळालीला तोफखान्याची. या कामाचं एकत्र शिक्षण द्यायला याहून सोयीची जागा शोधावी लागणार नाही.

थिएटर कमांडची, म्हणजे तिन्ही दलं एका सेनापतीखाली आणण्याच्या योजनेची, वाट बघू, असं उत्तर कृपया देऊ नका. ऑगस्ट २०२५ मध्ये महूला हवाई दलप्रमुखांनी त्याबद्दलची नाराजी सर्वांसमोर बोलून दाखवली. तो गुंता सुटायला वेळ लागेल. नव्या प्रचंडचा पुरवठा करारानुसार तिसऱ्या वर्षापासून सुरू होतो. त्याआधी ९० आणि ६६ या आकड्यांमागचं कारण संसदेत सांगावं, आणि कारण पटण्यासारखं नसेल तर वाटणी बदलावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त ओझरकर